भीमण्णांची न घातलेली बंडी

त्या दिवशी सकाळी दुकान उघडून मी शिलाईचं मशीन पुसत होतो. समोरच्या हॉटेलकडे सहज नजर गेली तर तिथे काहीतरी विचित्रच चाललेलं. नोकरांनी दाराला दोन फळ्या लावल्या आणि थांबले. बाकीचं दार सताड उघडं. आत भट्टी पेटलेली, गिऱ्हाईक बशीतून चहा ओढतंय, आणि मालक तात्या गल्ल्यावर चेहरा पाडून बसलेले. दुकान धड उघडं नाही, धड बंद नाही, हा काय प्रकार म्हणून मी रस्ता ओलांडला आणि वाढप्याला विचारलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "भीमण्णा गेले मास्तर, पहाटं. मालक म्हनले, दुखवटा हाय, दोन फळ्या लावा." आणि लगेच आतून कुणीतरी भजी मागितली म्हणून तो पळाला. माणूस गेल्याचं दुःख मला नंतर झालं. आधी त्या दोन फळ्यांची शिसारी आली. दुखवट्यालासुद्धा मापात कापणारा माणूस मी शिंपी असून तोवर पाहिला नव्हता.

ह्या गोष्टीला काही आठवडे झाले. मध्यंतरी तात्यांनी हॉटेलातच शोकसभा भरवली आणि तिची बातमी वर्तमानपत्रात आली. "आमचे आचारी भीमण्णा आम्हांला घरच्या माणसासारखे होते. एवढी वर्षे लोटली, पण ते आम्हांला कधी सोडून गेले नाहीत," असं तात्यांचं भाषण त्यात छापलं होतं. ते वाचून माझं डोकं असं फिरलं की हातातला कापडाचा तुकडा वाकडा कापला गेला. ह्या पुरवणीच्या संपादकांचा कोट माझ्याकडे शिवायला होता. ते माप द्यायला आले तेव्हा मी त्यांना तासभर ऐकवलं. ते म्हणाले, "मास्तर, हे सगळं मला कशाला सांगता? लिहून द्या." म्हणून लिहितो आहे. मी तापट माणूस आहे, हे सोलापुरात आमच्या बाळीवेशीत सगळ्यांना माहीत आहे. लिहिताना गोड व्हायचं मला जमणार नाही.

भीमण्णा अक्कलकोटच्या पलीकडचे, वैष्णव ब्राह्मण. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषा एका वाक्यात सुखाने नांदायच्या. माणूस ठेंगणा, कानाच्या पाळ्या मोठ्या, आणि हसला की आधी पोट हलायचं, आवाज मागून यायचा. तात्यांनी नवीन हॉटेल काढलं तेव्हा ते आले. तात्यांची हुशारी अशी की त्यांनी तळायची भट्टी आत न ठेवता दाराशीच, उंच ओट्यावर बांधली. येणाऱ्या-जाणाऱ्याला आचारी डोक्यापासून गुडघ्यापर्यंत दिसला पाहिजे. पाटीवर 'ब्राह्मणांचे' हा शब्द बाकीच्या शब्दांपेक्षा मोठा होता. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी भीमण्णा होते. कमरेला धोतर, वर उघडं अंग, आणि छातीवर ठळक दिसणारं जानवं. ते मळलं तर तात्या गल्ल्यावरून उठून यायचे आणि बदलायला लावायचे. गिऱ्हाइकाने पाटी वाचून आत यावं आणि जानवं बघून बसावं, असा त्यांचा धंद्याचा हिशेब होता.

भजी ज्याने घरी तळली असतील त्याला उकळत्या तेलापुढे उघड्या अंगाने उभं राहणं काय असतं ते सांगायला नको. भिजवलेल्या मिरचीत पाण्याचा थेंब राहिला की तेल उडतं आणि ते कुणाला विचारून उडत नाही. गिरणीचा भोंगा झाला की कामगारांचा लोंढा यायचा, शेंगाचटणी आणि भज्यांवर तुटून पडायचा, आणि मग भीमण्णांना मागे सरकायलाही फुरसत नसायची. त्यांची छाती आणि पोट बघवत नसे. जुने डाग काळे, मधले तांबूस, नवे फोडासारखे फुगलेले. मी पहिल्यांदा जवळून पाहिले तेव्हा मला वाटलं देवी येऊन गेल्या असतील. ते हसले. म्हणाले, "देवी कुठल्या मास्तर? हे सगळं मिरचीभजी हाय." झारा कढईच्या काठावर दोनदा ठोकल्याशिवाय ते भजी ताटात टाकत नसत. टक्, टक्. समोर मशीन चालवताना तो आवाज मला इतका सवयीचा झाला होता की तो थांबला की माझा पाय मशीनवर आपोआप थांबायचा.

मार्शल लॉ उठून शहर नुकतं सुरळीत होत होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका दुपारी भीमण्णा माझ्याकडे आले, पंच्याची किनार दुमडायच्या निमित्ताने. मग म्हणाले, "एक बंडी शिवून द्या की मास्तर."

"लग्नबिग्न काढलं काय?"

"तळताना घालायला हो. लई भाजतंय आता. पहिलं सोसायचं, आता सोसंना."

पगार वाढवून मागितला असता तर तात्यांनी कुरकुरत का होईना थोडा दिला असता, असं मला आजही वाटतं. पण ह्या माणसाला पाहिजे होती एक बंडी. आणि तीही त्याने तात्यांच्या सोयीने योजली होती. जाड खादीची, बिनबाह्यांची, गळा खोल. डाव्या खांद्यावर एक छोटी पट्टी, तिच्याखालून जानवं बाहेर काढायचं आणि बंडीवरून घ्यायचं. "म्हणजे जानवं दिसतंय, अंग झाकतंय. तात्यांचं पण झालं, माझं पण झालं," असं ते इतक्या खुशीत म्हणाले की मी हातातला कोट बाजूला ठेवून ती बंडी आधी शिवायला घेतली. आयुष्यात पुष्कळ कपडे शिवले, पण कुणाचं जानवं दिसावं म्हणून बंडीला पट्टी लावण्याची वेळ ती एकच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती घातली आणि ओट्यावर उभे राहिले. मी मशीनवरून बघत होतो. तात्या आले, वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भीमण्णा, शिवलेलं कापड सोवळ्यात चालतं का? तुम्ही शास्त्र जाणणारे. मी काय सांगावं?" भीमण्णा मुकाट्याने आत गेले आणि बंडी काढून आले. संध्याकाळी ती माझ्याकडे आणून दिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सोवळं म्हणे! दूध कुणाचं, पाणी कुणी भरलेलं, बशा कुठल्या पाण्यात विसळलेल्या, हे मी रोज समोरून बघत होतो. स्वतः तात्या कोट-टोपी घालून त्याच सोवळ्यात गल्ला मोजत होते. आणि त्या सोवळ्याच्या हॉटेलात गिरणीतल्या काही कामगारांना आत बसायची बंदी होती, त्यांचे कप बाहेर खिळ्यांना टांगलेले असत. ते कप बघून मला त्या चहाची कायमची किळस बसली ती बसलीच.

पण भीमण्णा सरळ मनाचे. त्यांची चूक एवढीच की त्यांना वाटलं, अडचण खरोखरच शिलाईची आहे. दोन-तीन दिवस विचार करून त्यांनी त्यावर तोड काढली. बिनशिवलेला धूत पंचा छातीवर आडवा गुंडाळून पाठीमागे गाठ मारली, वरून जानवं घेतलं, आणि उभे राहिले. आता शास्त्राला बोट ठेवायला जागा नव्हती. तात्यांनीही ह्या वेळी शास्त्र काढलं नाही. ते जवळ गेले आणि हळू आवाजात बोलले. ते काय बोलले ते भीमण्णांनी मला नंतर सांगितलं. "पंचा काढा. गिऱ्हाईक अंग बघून आत येतं." ... सांगताना भीमण्णा हसले नाहीत. पोट हललं नाही. "अंग बघून येतंय म्हणे मास्तर. मी काय बैल हाय का बाजारातला?" एवढंच म्हणाले आणि उठून गेले.

त्या दिवसापासून त्यांनी दुसरी जागा बघायला सुरुवात केली. आणि आता ज्याच्यासाठी हा लेख मी लिहायला घेतला ते सांगतो. आमच्याकडे हॉटेलात आचारी ठेवायची रीत अशी की नवा मालक जुन्या मालकाला गाठतो आणि विचारतो, माणूस कुठला, कसा, खात्रीचा ब्राह्मण आहे ना. परगावाहून पोटासाठी आलेल्या माणसाची जात इथे कोण ओळखतो? जुन्या मालकाने मान हलवली की झालं. आचाऱ्याने स्वतः गोत्र सांगितलं, संध्या म्हणून दाखवली, तरी तिला किंमत नाही. त्याची जात त्याच्याजवळ नसते, जुन्या मालकाच्या जिभेवर असते.

बार्शीला बाजारपेठेत एकाने नवीन हॉटेल काढलं होतं. त्याने भीमण्णांच्या हातची भजी खाल्ली आणि खूश झाला. भट्टी मागच्या अंगणात, बंडी घाला नाहीतर अंगरखा घाला, मला चव पाहिजे, असं तो म्हणाला. भीमण्णांनी माझ्याकडून बंडी परत नेली, धुऊन वळकटीत ठेवली. मग रीतीप्रमाणे तो बार्शीकर तात्यांना भेटायला आला. तात्यांनी त्याला मानाने बसवलं, चहा दिला. भीमण्णांबद्दल विचारल्यावर ते म्हणाले, "माणूस कामाचा आहे." आणि पुढे गप्प बसले. बार्शीकराने पुन्हा विचारलं. तात्यांनी छताकडे बघितलं आणि म्हणाले, "बाकीचं मी कशाला बोलू? ज्याचं त्याला माहीत." बस्स. एकही खोटा शब्द नाही. निंदा नाही, आरोप नाही. एवढं गुळगुळीत पाप मी दुसरं पाहिलं नाही.

बार्शीकर बाहेर पडला तो थेट माझ्या दुकानात. घाम पुसत म्हणाला, "मास्तर, तुमी समोरच असता. आचारी बामनच हाय न्हवं?" मी म्हणालो, "हाय. कितीतरी वर्षं रोज बघतोय त्यांची संध्या. मी शपथ घेतो." तो ओशाळून म्हणाला, "तुमची शपथ खरी असंल. पन शिंप्याच्या शपथेवर बामन ठेवला तर गिऱ्हाईक मला काय म्हनंल?" आणि टांग्याची काय, बैलगाडीचीही वाट न बघता चालत स्टेशनाकडे गेला.

गोष्ट इथेच थांबली असती तर भीमण्णांनी आणखी एखादी जागा बघितली असती. पण तात्यांचं ते गप्प बसणं बाजारात फिरायला लागलं. कुणी म्हणे आचारी भलत्याच जातीचा आहे, कुणी म्हणे मूळचा घरातून टाकलेला आहे. फिरत फिरत ते अक्कलकोटकडे पोचलं. भीमण्णांच्या मुलीचं, तुंगाचं, लग्न ठरत आलं होतं. वराकडच्यांनी निरोप पाठवला, जरा थांबू. तुंगाची आई गावाहून धावत आली, माझ्या दुकानाच्या पायरीवर पदराने तोंड झाकून बसली. भीमण्णा तिला कानडीत काहीतरी समजावत होते. मला कानडी फार कळत नाही, पण 'तात्या' हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच होता.

भीमण्णा तात्यांकडे गेले. मी बरोबर गेलो, हॉटेलच्या पायरीपर्यंत. भीमण्णा म्हणाले, "एक शब्द बोला की तात्या. खरं तेवढंच बोला. पोरीचं लगीन मोडतंय." तात्या अगदी कळवळले. खोटं नव्हे, डोळ्यांत पाणी आणलं त्यांनी. म्हणाले, "अहो, तुम्ही आमच्या घरचे. मी बोलणार नाही तर कोण? पण भीमण्णा, आज मी चार लोकांत शब्द टाकायचा आणि उद्या तुम्ही मला सोडून जायचं... मग लोक मलाच विचारतील ना, एवढा चांगला होता तर गेला का?" भीमण्णांनी धोतराला हात पुसले. मग म्हणाले, "न्हाई जात." पोरीचं लग्न गहाण ठेवून घेतलं त्या माणसाने, आणि तेही डोळे पुसत पुसत.

तात्यांनी शब्द मात्र पाळला, तेही वाजतगाजत. स्वतः अक्कलकोटला गेले, वराच्या बापाशेजारी बसून जेवले, भीमण्णांच्या वडिलांचं नाव घेऊन ओळख सांगितली. लग्नात पहिल्या पंक्तीला मानाने मिरवले. असा मालक मिळायला भाग्य लागतं, असं तिथे सगळे म्हणत होते. लग्नासाठी भीमण्णांना मी एक कोट शिवून दिला होता, काळा, बंद गळ्याचा. उपरणं, पगडी आणि तो कोट घालून त्यांनी फोटो काढून घेतला. अंगभर कपड्यात उजेडात उभे राहिलेले भीमण्णा मी एवढ्या वर्षांत त्या एकाच दिवशी पाहिले. कोट चांगला बसला होता. ते सारखा त्याच्यावरून हात फिरवत होते. परत आल्यावर त्यांनी वळकटीतली बंडी काढून पुन्हा माझ्या हातात दिली. "तुमच्याकडं राहू द्या. हितं ठेवली की डोळ्यासमोर येतीय," म्हणाले. मी ती खुंटीला अडकवली.

त्यानंतर ते कुठे गेले नाहीत. तात्या म्हणतात ते खरं आहे. कधी सोडून गेले नाहीत. दुसरे आचारी, वाढपी, कपबशा धुणारे येत होते, जात होते, ह्या हॉटेलात नोकर टिकत नाही म्हणून तात्या गिऱ्हाइकांपाशी गाऱ्हाणं गात, आणि मग ओट्याकडे बोट करून म्हणत, "आमचे भीमण्णा बघा." टक्, टक्. झारा वाजत राहिला. डागांवर डाग पडत राहिले. मला वाटायचं, हा माणूस एक दिवस त्या तेलाने जाणार. ते तसं झालं नाही. ते गेले गारठ्याने. यंदा मार्गशीर्षात आपल्या सोलापुरातही पहाटे हात बधिर होत होते. भट्टीजवळ घामाने निथळलेलं अंग घेऊन ते तसेच उघडे मागच्या आडावर पाणी शेंदायला जायचे. छातीत कफ भरला, ताप चढला. डॉक्टर म्हणाले न्युमोनिया. बंडीने ते वाचले असते असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी म्हणतो.

शेवटची भेट एका दुपारी झाली. हॉटेलच्या मागे बेसनाच्या आणि साखरेच्या पोत्यांची खोली आहे, तिथे त्यांना निजवलं होतं. तुंगाच्या आईला निरोप गेला होता, ती यायची होती. मला बघून ते म्हणाले, "बंडी हाय का हो अजून?" मी धावत जाऊन घेऊन आलो. त्यांनी ती हातात घेतली, खांद्यावरची ती पट्टी बोटाने चाचपली. मी म्हणालो, "उठून बसा, घालतो तुम्हाला. आता कुठे तळायचंय?" त्यांनी मान वळवून दाराकडे बघितलं आणि विचारलं, "तात्या न्हाईत ना तिकडं?" ... अंगात ताप फणफणत होता, माणूस उठू शकत नव्हता, आणि त्याला भीती कशाची तर गिऱ्हाइकाला अंग दिसणार नाही ह्याची. ते म्हणाले, "राहू द्या मास्तर. तुमच्याकडंच ठेवा. कुणाला तरी होईल." मी ती घेऊन परत आलो, आणि त्यानंतर त्यांची माझी भेट झाली नाही.

शोकसभेनंतर तात्यांनी हॉटेलात भीमण्णांचं चित्र लावलं आहे. तुंगाच्या लग्नातला तो फोटो त्यांनी अक्कलकोटहून मागवून घेतला आणि पेंटरकडून मोठा करवला. मी बघायला गेलो. चेहरा भीमण्णांचाच आहे, कानाच्या पाळ्याही तशाच. पण कोट नाही. पेंटरने तात्यांच्या सांगण्यावरून माझा कोट पुसला, उपरणं पुसलं, आणि तिथे उघडी छाती रंगवली. वर पांढरंशुभ्र जानवं. आणि ती छाती अशी नितळ, गोरीगोमटी, जशी एखाद्या देवाच्या तसबिरीतली. एक डाग नाही. इतक्या वर्षांचं तेल त्या पेंटरने एका दुपारी पुसून काढलं. गिऱ्हाईक येतं, हार बघतं, हात जोडतं आणि भजी मागतं. मी तिथे क्षणभरही थांबलो नाही.

ओट्यावर आता नवा आचारी आहे, वैरागकडचा, चाळिशीचा माणूस. कामावर यायच्या आधी तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, "मास्तर, तुमी समोरचे. मालक कसा हाय?" इतक्या वर्षांत मालकाची चौकशी करणारा तो पहिलाच. मी सगळं सांगितलं, काही राखलं नाही. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तरी पन यावं लागंल. घरी तोंडं हायती." तो गेल्यावर मी खुंटीवरची बंडी काढली, इस्त्री केली आणि दुकानाच्या दारात, रस्त्याकडे तोंड करून टांगली. दुसऱ्याच दिवशी तात्यांचा निरोप आला, ती दारातून काढा, गिऱ्हाईक विचारतं. मी उलट निरोप दिला, विचारू द्या, मला सांगायला वेळ आहे. तेव्हापासून ती तिथेच आहे. धूळ बसते, मी झटकतो.

काल दुपारी भोंगा झाला, लोंढा आला, आणि मी मशीन चालवत होतो. नवा आचारी झारा ठोकत नाही, म्हणून माझं तिकडे लक्षही नव्हतं. एकदम तो मागे सरकला. छातीवर तळहात दाबून धरला, डोळे मिटले, उघडले, आणि भज्यांची कढई तशीच सोडून त्याने रस्त्यापलीकडे माझ्या दारातल्या बंडीकडे बघितलं.